पत्रिकेसोबतचा फोटो

सासरी आल्यावर माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम स्वयंपाकघरातलं नव्हतं, फोटो स्टुडिओतलं होतं. अमरावतीहून लग्न होऊन जबलपूरला आले, अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, आणि सासूबाईंनी मला माझ्या पेटीतली मोतिया रंगाची साडी काढायला सांगितली. मला वाटलं, कुठंतरी हळदीकुंकवाला जायचं असेल. पण साडी नेसायची होती माझ्या नणंदेनं, आणि जायचं होतं नेपियर टाउनला, तिचा फोटो काढायला. स्थळांना पाठवायला दरवर्षी नवा फोटो लागायचा. मी निऱ्या धरल्या, पदर लावून दिला आणि गढ्यातल्या आमच्या घरून सायकलरिक्षात बसून आम्ही दोघी निघालो.

"दीदी, थोड़ा मुस्कुराइए," फोटोवाला म्हणाला.

"भैया, पिछले साल मुस्कुराई थी ना," ताई म्हणाल्या. "वही वाली लगा दीजिए."

मी तिथंच फिसकन हसले. नव्या सुनेनं मोठ्या नणंदेसमोर असं हसायचं नसतं, पण माझं हसू आणि माझा राग, दोन्ही माझ्या ताब्यात कधीच नव्हते. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. आमचं मात्र त्या स्टुडिओतच जमलं. मी त्यांना ताई म्हणायची, त्या मला वहिनी, आणि हे म्हणजे माझे यजमान आमच्या दोघींच्या मध्ये सापडलेले.

ताई यांच्याहून मोठ्या. फॅक्टरीच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. सावळ्या, तरतरीत, बोलायला तिखट. त्यांचं लग्न आधी व्हावं म्हणून हे थांबले, थांबून थांबून कंटाळले आणि शेवटी धाकट्याचं आधी उरकलं. त्यामुळं मी त्या घरात आले तीच कुणाच्या तरी जागेवर बसल्यासारखी. ताईंनी ते मला कधी जाणवू दिलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

घोडं अडलं होतं पत्रिकेपाशी. ताईंना कडक मंगळ होता. अशा मुलीचा नवरा फार जगत नाही, असा समज. मंगळ असलेल्या मुलीला मंगळ असलेलाच मुलगा शोधायचा, आणि तसा मुलगा सापडला की त्याला नेमकी सावळी मुलगी नको असायची. त्यात आम्ही जबलपूरचे. नागपूर आणि जबलपूर एका राज्यात होती तोवर तिकडची माणसं आपली वाटायची, असं सासूबाई सांगत. राज्यं वेगळी झाली आणि आम्ही तिकडच्यांच्या दृष्टीनं 'एमपीवाले' झालो. मुलगी मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरते, हाही दोष निघाला. मंगळ काय कमी होता, त्यात हा दुष्काळातला तेरावा महिना.

ठरलेली रीत अशी होती: पाकिटात फोटो घालायचा, पत्रिका घालायची, पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं आणि पाठवून द्यायचं. मग महिना-दोन महिन्यांनी 'पत्रिका जुळत नाही' एवढं एका ओळीचं उत्तर यायचं. कधी त्याबरोबर पत्रिका परत यायची. फोटो कधीच परत यायचा नाही. नागपूर, अकोला, यवतमाळ, कुठल्या कुठल्या घरांत कपाटाच्या खणात ताईंचे फोटो पडलेले असतील, कोण जाणे. ताईंना सगळ्यात जास्त तेच लागायचं. एकदा मला म्हणाल्या, "नाही म्हणतात त्याचं काही नाही, वहिनी. पण मला पाहायला एक माणूस आलं नाही आजवर. सगळे त्याला घाबरून घरीच बसून राहिले." त्याला म्हणजे मंगळाला. एका तरी माणसानं आधी आपल्याकडे पाहावं आणि मग काय ते ठरवावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. हे ऐकून मला इतका संताप आला की त्या दिवशी मी वरणात दोनदा मीठ घातलं.

माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मंगळावर यान उतरलं. यांनी सकाळी हिंदी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली. फोटोही होता, पण पेपरातला. काळे ठिपके आणि पांढरे ठिपके, त्यात काय ते शोधून घ्या. सासूबाईंनी लांबूनच पाहिला आणि हात जोडले. काही आठवड्यांनी ताईंनी फॅक्टरीच्या क्लबातून एक जुना इंग्रजी अंक आणला. त्यात पानभर रंगीत फोटो होता. ताईंनी तो अंक माझ्यापुढे कणकेच्या परातीशेजारी उघडून ठेवला.

लाल माती. माझी नजर जाईल तिथवर दगड, लहान, मोठे, धारेचे, बोथट. वर फिकट निळं आकाश. ना झाड, ना पाणी, ना माणसाच्या पावलाची खूण. मी हात पुसून जवळून पाहिलं. इतकं निवांत ठिकाण मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"हा तो," ताई म्हणाल्या.

"हा?"

"हाच. माझ्या मुळावर उठलेला."

आम्ही दोघी बराच वेळ पाहत राहिलो. ताई बोटानं एकेक दगड दाखवत होत्या. हसतील असं मला वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत. "एवढं काही वाईट दिसत नाही गं," त्या हळूच म्हणाल्या, "पडून आहे बिचारा आपल्या जागी." मला त्या क्षणी त्यांची फार माया आली. ज्यानं सगळं अडवून धरलं होतं, त्याच्याबद्दलही या बाईच्या तोंडून वाईट शब्द निघत नव्हता.

पुढच्या एका अंकात त्या मासिकानंच खुलासा छापला. आकाश निळं नव्हतं म्हणे. रंग जुळवताना चूक झाली होती, खरं आकाश धुळीमुळं गुलाबीसर आहे. ताईंना ते वाचून कोण आनंद झाला. आमचा नेपियर टाउनचा फोटोवाला ताईंच्या प्रत्येक फोटोवर पेन्सिल फिरवून चेहरा उजळ करायचा. "पाहा वहिनी, याचा पण फोटो गोरा करून पाठवला होता," त्या म्हणाल्या. तो पहिला, निळ्या आकाशाचा फोटो त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

सासूबाईंना तो दिसला तेव्हा त्या कपाटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "काहून वो, पत्रिकेत आहे तो पुरला नाही का तुले? आता घरात फोटो बी लावून राहिली?"

त्याच दिवाळीच्या सुमाराला गोंदियाचं स्थळ आलं. मुलगा शाळेत शिक्षक. वय ताईंच्याच जोडीचं. थोरला भाऊ अकाली गेला, त्याची मुलंबाळं मार्गी लावण्यात स्वतःचं राहून गेलं, असं मध्यस्थानं सांगितलं. पत्रिकेत मंगळ नाही. सासूबाई म्हणाल्या, उत्तर ठाऊकच आहे, पण पाठवायला काय हरकत आहे. त्यांनी ताईंना स्टुडिओत जायला सांगितलं आणि ताईंनी जायला साफ नकार दिला. घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ताईच म्हणाल्या, जुना एक फोटो आहे माझ्याकडे, तो पाठवते.

दुपारी सासूबाई झोपल्यावर त्यांनी कपाटाच्या दारावरचा फोटो अलगद सोडवला. मागचा डिंक खरवडला. घडी घालून पत्रिकेत ठेवला.

"ताई!" मी म्हणाले.

"त्यांना ज्याला पाहून हो की नाही ठरवायचं आहे, त्याचाच फोटो पाठवते. माझा कशाला?"

मी घाबरले, हे खरं. पण त्याहून जास्त मला गंमत वाटली, आणि गमतीच्याही खाली तो जुना राग होताच. मीच भाताच्या शितांनी पाकीट चिकटवलं. कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं. रीतीला काही कमी पडू दिलं नाही. आणि भाजी आणायला जाते म्हणून सांगून ते टपालपेटीत टाकून आले.

गोंदियाहून कार्ड आलं ते थेट मुलाच्या हातचं. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. लिहायचे ते बाप, काका, मामा. यांनी वाचून दाखवलं: फोटो मिळाला, फार आवडला, प्रत्यक्ष पाहायला रविवारी येत आहे. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणत होती ना मी," त्या आल्यागेल्याला सांगू लागल्या, "माझ्या पोरीचा फोटो एकदा कोणी नीट पाहावा फक्त." ताई आणि मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसलो. हसायचं की पळून जायचं, ते दोघींनाही कळत नव्हतं.

रविवारी ते आले. गोंदियाहून छोट्या लाइनीच्या गाडीनं दिवसभर सातपुड्याचे घाट चढत-उतरत यायचं म्हणजे कोळशाचा धूर कॉलरपर्यंत बसायचा. त्यांच्याही बसला होता. उंच, जरा पोक काढून चालणारे. आम्ही पोहे दिले, चहा दिला. ताई माझीच मोतिया साडी नेसून समोर बसल्या. यांनी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. मग पाहुण्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला, टेबलावर उलगडून ठेवला आणि हातानं सपाट केला.

"हा परत द्यायला आणला," ते म्हणाले. "आठवीच्या मुलांना दाखवला, मग नववीची मुलं मागे लागली. म्हणून उशीर झाला."

सासूबाई वाकल्या. लाल माती, दगड. त्यांनी कागद पाहिला, मग ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हे काय आहे, असं यांनी विचारलं, आणि पाहुणे अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, "मुलीचा फोटो मागवला होता. हा आला."

तेवढ्यात पाहुण्यांनी कागद ताईंच्या बाजूला सरकवला आणि मागच्या एका दगडावर बोट ठेवलं. "हा मोठा दिसते. केवढा असन हो? मुलं विचारून राहिली होती."

"मला काय मालूम?" ताई म्हणाल्या. "मी थोडीच गेली होती तिथं."

ते हसले. मोठ्यानं, खोकला येईपर्यंत हसले. मग हे हसले. सासूबाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. पोह्यांची दुसरी ताटली त्यांनी स्वतःच्या हातानं पुढे केली. पाहुणे जाईपर्यंत कागदावरून नजर काढून ताईंकडेच पाहत होते, आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हते. ताईंनी इतकी वर्षं मागितलं होतं ते एवढंच होतं.

सगळं तिथंच जुळलं असतं तर मी आज हे लिहिलंही नसतं. आठवड्याभरानं त्यांची आई एकटी आली. म्हातारी, वाळलेली, कपाळ मोकळं. तिनं आल्या आल्या सांगितलं: मुलगी पसंत आहे, पण लग्नाआधी कुंभविवाह करावा लागेल. मंगळ असलेल्या मुलीचं लग्न आधी एका मडक्याशी लावायचं आणि ते मडकं पाण्यात सोडून द्यायचं. पहिला नवरा गेला, दोष त्याच्यावर फिटला, दुसरा सुखरूप.

"म्हणजे आधी एक नवरा मारून दाखवायचा, तेव्हा मी चांगली?" ताई उठून उभ्या राहिल्या. "मी नाही मडक्याशी लग्न करणार."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. सासूबाई रडायला लागल्या. हे बाहेर जाऊन ओट्यावर बसले. म्हातारी मात्र न चिडता ताईंकडे पाहत राहिली. मग तिनं ताईंचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं.

"बाई, माझ्या मोठ्याच्या वेळी मी सगळं पाहून केलं होतं," ती म्हणाली. "पोरीच्या पत्रिकेत काहीच नव्हतं. एवढे गुण जुळले की भटजी बी चाट पडला. अन् तो गेला. दुपारी जेवून निजला तो उठलाच नाही. आता मले कशाचाच भरवसा वाटत नाही. कोणी म्हणते हे कर, मी करते. कोणी म्हणते ते कर, ते बी करते. तू चांगली आहेस वो. पण माझ्यापाशी आता हा एकच उरला."

म्हातारीचा हात तसाच त्यांच्या हातात होता. मग त्या म्हणाल्या, "चला. आणा मडकं."

मी त्यांच्याशी त्या दिवशी भांडले. खूप भांडले. इतकं सगळं करून शेवटी त्या दगडधोंड्यांपुढेच मान तुकवलीत ना, म्हणाले. ताई शांत होत्या. "त्याच्यासाठी नाही करून राहिली मी," त्या म्हणाल्या. "त्या बाईला झोप लागावी म्हणून करून राहिली." मी आणखीच चिडले.

ग्वारीघाटावर सकाळी ते लग्न लागलं. नव्या मडक्याला पिवळं कापड गुंडाळलं, ताईंना मुंडावळ्या बांधल्या, गुरुजींनी अक्षता टाकायला लावल्या. आम्ही घरचीच चार माणसं आणि ती म्हातारी. मग मडकं नर्मदेत सोडलं, आणि ते काही बुडेना. ऐटीत डुलत डुलत निघालं. म्हातारी काठावर हात जोडून कासावीस झाली. शेवटी नावाड्यानं वल्ह्यानं दाबून पाणी भरलं तेव्हा कुठं ते खाली गेलं.

"पहिला पोहणारा निघाला," ताई माझ्या कानात म्हणाल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

पुढचा संसार तुमच्या-आमच्यासारखाच झाला. गोंदियाला दोन खोल्या, मग चार. एक मुलगी, एक मुलगा. सासूची सेवा ताईंनी शेवटपर्यंत केली. ताईंचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, निवृत्त होईपर्यंत शाळेत शिकवत राहिले. अवकाशातून नवा फोटो आला की तो ताईंकडून माझ्याकडे यायचा. आधी पोस्टानं कात्रण, पुढं मोबाइलवर. शनीची कडी पाहून ताईंनी लिहिलं होतं, याला मात्र मानलं, नटून बसला आहे. धूमकेतूचा जवळून काढलेला फोटो आला तेव्हा लिहिलं, सगळं आयुष्य शेपूट पाहून घाबरलो, आत तर भाजलेलं वांगं आहे. आपल्या देशाचं यान मंगळाभोवती पोचलं त्या दिवशी त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, माहेरची माणसं पोचली. एकदा तिथल्या सूर्यास्ताचा फोटो आला. सूर्य इवलासा, आणि त्याच्याभोवती खरोखरच फिकी निळाई. आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या निळ्यावर फोनवर कितीतरी वेळ बोललो.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. फार आजारी नव्हत्या, वय झालं होतं. त्यांची इच्छा होती म्हणून भाऊजी मुलाला घेऊन अस्थी नर्मदेत सोडायला जबलपूरला आले. आता छोटी लाइन नाही, मोठ्या गाडीनं लवकर येता येतं. माझे हे जाऊन काही वर्षं झाली आहेत. घरी मीच होते. घाटावरून आल्यावर भाऊजींनी आंघोळ केली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. ऐंशी केव्हाच ओलांडली आहे, ऐकू कमी येतं, पण पाठ अजून तेवढीच पोक काढलेली आणि डोळे तेवढेच तल्लख.

मी मोबाइल काढला आणि त्या आठवड्यात आलेला मंगळाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. हल्ली तिथं गाडी फिरते. मातीत तिच्या चाकांच्या दोन रेघा लांबवर गेलेल्या दिसत होत्या. मी ताईंना पाठवायला म्हणून तो ठेवला होता, आणि मग कुणाला पाठवू ते कळलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं आणि सांगताना रडले.

भाऊजींनी फोन हातात घेतला. चष्मा वर करून जवळून पाहिला.

"वहिनी," ते म्हणाले, "पत्रिकेत चांगलं स्वच्छ लिहिलं होतं, आधी मी जाणार म्हणून. मी ते वाचून, समजून लग्न केलं होतं." त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला. "आईनं उगाच ते मडकं सोडायला लावलं."